जिन्याखालची पेटी

“आधी हात लावायचा, मग लिहायचं. ऐकलंत ना, मगदूमबाई? कागदावरून कागदावर उतरवून घ्यायचं असतं, तर मी पुण्याहून कशाला आले असते?”

मराठे मॅडमच्या हातात आमच्या हॉस्पिटलच्या इमारतींचा नकाशा होता आणि जानेवारीतसुद्धा त्या त्यानंच वारा घेत होत्या. मिरजेपासून थोड्या अंतरावरचं ट्रस्टचं हॉस्पिटल. तिथला संगणक विभाग माझ्याकडे होता. हॉस्पिटलातल्या सगळ्या यंत्रणेची एक नोंदवही संगणकात बांधायची, ती कशी, हे शिकवायला त्या दोन दिवस आल्या होत्या.

मी आठवडाभर खपून यादी तयार ठेवली होती. सर्व्हर इतके, स्विचच्या पेट्या इतक्या, वायरी इतक्या. त्यांनी ती चाळली आणि बाजूला सारली.

“ही लग्नातल्या भांड्यांची यादी झाली. स्वयंपाक कुठाय?”

सगळे हसले. मीही हसले, पण कान गरम झाले.

“पेशंटला सर्व्हर लागतो का? त्याला रक्त लागतं, रिपोर्ट लागतो. म्हणून ‘प्रसूतिकक्षातून रक्त मागवणं’ ही एक सेवा. ती सगळ्यात वर लिहा. मग विचारा, ही कशाच्या जिवावर चालते? प्रोग्रॅमच्या. तो कशावर बसलाय? सर्व्हरवर. तिथवर निरोप कसा जातो? वायरीनं. वायर कुठल्या पेटीतून जाते? पेटीला वीज कुठून येते? असं उतरत उतरत भिंतीतल्या प्लगापर्यंत जायचं. म्हणजे उद्या कुणी एखादी पेटी बंद करायला निघाला, तर नोंदवहीनंच त्याचा हात धरला पाहिजे. थांब बाबा, ही बंद केलीस तर वरचं हे हे बंद पडेल.”

प्रत्येक नोंदीच्या शेवटी एक चौकट होती, ‘प्रत्यक्ष पाहिलं’. तिच्यात खूण केली की लाल नोंद हिरवी व्हायची आणि खाली बघणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ आपोआप उमटायची.

मागच्या बाकावर बसलेल्या बिरूअण्णांनी हात वर केला. “मॅडम, हे तर हेळव्याचं काम झालं की.”

“कुणाचं?”

“हेळवी हो. आमच्याकडं बैलावर बसून येत्यात. चोपडं उघडून वंशावळ वाचत्यात. तुझा बाप कोण, त्याचा बाप कोण, भावकी कुठनं फुटली. पर दारात येऊन, पोरगं डोळ्यानं बघितल्याबिगर नवं नाव लावत न्हाईत.”

“झालं तर मग,” मराठे मॅडम म्हणाल्या. “मगदूमबाई, तुम्ही आणि हे, दोघं मिळून हेळवी.”

बिरूअण्णा म्हणजे बिरदेव कोळेकर. बेडगचे. चौदा वर्षं ठेक्यावर वायरी ओढत होते. एक एप्रिलपासून त्यांना कायम करायचं ट्रस्टनं ठरवलं होतं, तसं पत्र निघालं होतं, आणि त्या पत्राची झेरॉक्स ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवायचे. माझ्यापेक्षा सहासात वर्षांनी मोठे, तरी मला अक्का म्हणायचे. आमच्या भागात जैनाच्या बायकांना म्हणतातच.

मी राजमती मगदूम. तेव्हा एकेचाळीस वर्षांची होते. पहाटे ध्यानाला बसून सामायिक, बस्तीत देवाचं दर्शन घेतल्याशिवाय तोंडात पाणी नाही, पाणी गाळूनच, आणि दिवस मावळला की अन्नपाणी बंद. सतराव्या वर्षी घेतलेले नियम, बाळंतपणातही मोडले नव्हते. हॉस्पिटलात सगळ्यांना ठाऊक होतं. कँटीनवाला माझ्यासाठी वेगळा तांब्या ठेवायचा. मी त्याचं कधी प्रदर्शन केलं नाही असं मला वाटायचं. लोक आपण होऊन आवाज खाली करून बोलायचे, ते मात्र मला आवडायचं.

दहाबारा दिवस आम्ही दोघं जिने चढलो, माळ्यांवर शिरलो. बिरूअण्णा पेटी उघडायचे, वायर धरून हलवायचे, ओरडायचे, “ही बघा अक्का, एक्सरेची थोरली पाती. हिचा बाप नऊ नंबरात.” मी तिथंच उभ्या उभ्या टॅबवर नोंद करायचे. एकसष्ट पेट्या होत्या. साठ झाल्या.

राहिली चौदा नंबरची. जुन्या इमारतीत, जिन्याखाली. तिथल्या कोठीची किल्ली भांडारपालाकडे आणि तो तालुक्याला गेलेला. सहापर्यंत येतो म्हणाला होता. आम्ही जिन्याच्या पायरीशी उभे होतो. मराठे मॅडमचा फोन येऊन गेला होता, यादी आज बंद करायची आहे, उद्या सकाळी ट्रस्टचे वरचे लोक बघणार आहेत, एक लाल दिसतेय ती तेवढी हिरवी करा.

बिरूअण्णांनी घड्याळ बघितलं. “अक्का, साडेपाच वाजलं. आज दिवस सव्वासाला मावळतोय. तुमी जावा.”

“पण ही एक—”

“ती कुठं पळून जातीया? उद्या बघू. उपाशी ऱ्हाशिला उगं.”

मी विभागात परत आले. जुना नकाशा टेबलावरच होता. त्यात चौदा नंबरसमोर लिहिलं होतं : जुनं हिशेब कार्यालय, संगणक दोन. म्हणजे दोन वायरी. ते कार्यालय तर वर्षभर बंदच होतं. मी तसं लिहिलं. मग चौकटीत खूण केली. खाली उमटलं : राजमती मगदूम, १४ जानेवारी, १७.४१.

सहा वाजून दोन मिनिटांनी मी घरी पानावर होते. भाकरी, वांग्याची भाजी, ताक. जेवून हात धुतले तेव्हा अंगणात ऊन होतं. नियम पाळला गेल्याचं समाधान वाटलं, हेही लिहायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिरूअण्णा किल्ली घेऊन दारात उभे. “चला अक्का, जिन्याखालचं राहिलंय न्हवं?”

वरचे लोक आत बसले होते. पडद्यावर एकसष्टच्या एकसष्ट नोंदी हिरव्या दिसत होत्या आणि पुण्याहून पुन्हा आलेल्या मराठे मॅडम त्यांना तेच दाखवत होत्या.

“झालं ते,” मी म्हणाले.

“कवा?”

“काल. थांबले मी.”

“आँ? आनि जेवन?”

“झालं वेळेत.”

“बरं केलंसा,” ते म्हणाले आणि किल्ली परत द्यायला गेले.

नंतर त्या पेटीचा विसर पडला, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. तसं नव्हतं. जुन्या इमारतीत गेले की जिना दिसायचा. आता किल्ली मागितली तर भांडारपाल विचारेल कशाला, असं मनात यायचं, आणि मी पुढं जायचे.

बारा मार्चला त्या जिन्याखालची विजेची वायरिंग बदलायची होती. दोन तास पेटी बंद ठेवायला परवानगी मागणारा अर्ज आला. असा अर्ज आला की नोंदवहीला विचारायचं, तिच्यावर काय काय अवलंबून आहे. मी विचारलं. तिनं सांगितलं, जुनं हिशेब कार्यालय, संगणक दोन, वापरात नाही. मी परवानगी दिली.

अकराच्या सुमाराला बिरूअण्णांचा फोन आला.

“अक्का, पेटी उघडलीया. वहीत किती वायरी हायत म्हनालासा?”

“दोन.”

“हितं चार हायत. त्यातल्या दोनीचं दिवं लुकलुकत्यात.”

माझ्यासमोर पडद्यावर ती नोंद उघडीच होती. खाली माझं नाव.

“जुन्या असतील, बिरूअण्णा.”

“जुनीचा दिवा कशाला लुकलुकंल?”

पलीकडून वायरमनची घाई ऐकू येत होती. चला की मामा, पुढं दोन कामं आहेत.

“अक्का, तुमी डोळ्यानं बघितल्यात न्हवं दोन?”

“हो.”

“मग करू बंद?”

“करा.”

त्या दोन जादा वायरी प्रसूतिकक्षाच्या होत्या. एक संगणकाची, एक फोनची. नऊ नंबरच्या पेटीत ‘प्रसूती’ अशी चिठ्ठी लावलेली वायर आम्ही दोघांनी बघितली होती आणि ती थेट कक्षातून येते असं धरलं होतं. मध्ये ती जिन्याखाली उतरते, हे ती कोठी उघडली असती तरच कळलं असतं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी प्रसूतिकक्षात रेश्मा खोत नावाच्या तेवीस वर्षांच्या मुलीचं बाळंतपण झालं आणि रक्तस्राव थांबेना. सिस्टर टोणेंनी संगणकावर रक्ताची मागणी भरली. पडद्यावर चक्र फिरत राहिलं. त्यांनी फोन उचलला. फोन मुका. पुन्हा संगणक, पुन्हा फोन. शेवटी त्या स्वतः आवार ओलांडून रक्तपेढीकडे पळत गेल्या. वीस मिनिटं गेली.

रेश्मा वाचली. तिला झालेली मुलगीही सुखरूप होती. पण तिची गर्भपिशवी काढावी लागली.

सोमवारी चौकशी झाली. वैद्यकीय अधीक्षक डॉ. शहापुरे, ट्रस्टचे एक सभासद, मी आणि बिरूअण्णा. बाहेर व्हरांड्यात रेश्माचा नवरा आणि सासरा बसले होते. सासऱ्यानं हातातली काठी आडवी मांडीवर धरली होती.

“कोळेकर,” डॉक्टर म्हणाले, “चार वायरी आणि चालू दिवे दिसत असताना तुम्ही पेटी बंद केली?”

“व्हय साहेब. पर मी अक्कास्नी फोन केल्ता. अक्का म्हनाल्या, वहीत दोनच हायत.”

“बरोबर आहे. वहीत दोनच आहेत.” त्यांनी छापून घेतलेला कागद पुढं सरकवला. “चौदा जानेवारीला मगदूमबाईंनी स्वतः पाहून नोंद केलीय. मगदूमबाई, तुम्ही पाहिलंत तेव्हा वायरी किती होत्या?”

पंखा किरकिरत होता. मी समोरच्या कागदावरचं माझं नाव वाचलं.

“दोन,” मी म्हणाले.

“म्हणजे जानेवारीत दोन आणि मार्चमध्ये चार. मधल्या दोन महिन्यांत कुणीतरी दोन वायरी जोडल्या आणि नोंद केली नाही. हॉस्पिटलात वायरी जोडायचं काम कोण करतं, कोळेकर?”

“मीच की साहेब.”

“दुसरं कुणी?”

“न्हाई.”

ट्रस्टचे सभासद मध्येच म्हणाले, “आधीपासून चारच असतील, असं नाही का होऊ शकत? बघताना चूक?”

डॉक्टर हसले. माझ्याकडे बघून, आदरानं हसले. “मगदूमबाई पाणीसुद्धा गाळून पितात, साहेब. नसलेलं त्या लिहायच्या नाहीत.”

मी पदर सारखा केला. आता बिरूअण्णा बोलतील, चिडतील, बाई खोटं बोलतायत म्हणतील, असं मला वाटलं. मी त्याचीच वाट बघत होते बहुतेक. ते मान खाली घालून आपल्या बोटांकडे बघत बसले होते.

“अक्कांनी दोन बघितल्या असत्याल, तर दोनच असत्याल,” ते हळूच म्हणाले. “मग ह्या दोन आल्या कुठनं, ते मला बी उमगंना. मीच जोडल्या असत्याल साहेब. ध्यानात न्हाई.”

तेवढं कबुलीजबाब म्हणून लिहून घेतलं गेलं. कायम करायचं पत्र रद्द झालं. ठेका एकतीस मार्चला संपत होता, तो पुढं वाढवला नाही. जबाबदार माणसाला काढलं, असं खोतांना सांगण्यात आलं आणि त्यांनी पोलिसांत दिलेली तक्रार मागं घेतली.

एकतीस तारखेला ते किल्ल्यांचा जुडगा द्यायला माझ्या टेबलापाशी आले.

“अक्का, माझ्यापायी तुमच्या वहीला डाग लागला. माफ करा.”

मी जुडगा घेतला आणि किल्ल्या मोजून घेतल्याची सही दिली.

त्या दिवसापासून मी मीठ सोडलं. मग तूप सोडलं. मग एकदाच जेवायला लागले. घरचे म्हणाले, अजून चातुर्मासाला अवकाश आहे, आताच काय हे? संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसायचे तेव्हा सगळ्या जीवांची क्षमा मागायचे. पृथ्वीतल्या, पाण्यातल्या, वाऱ्यातल्या, झाडातल्या जिवांची. चालताना पायाखाली आलेल्या मुंगीची. बेडगच्या एका माणसाची सोडून सगळ्यांची.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पायी विहार करत एक आर्यिका माताजी, जैन साध्वी, आमच्या बस्तीत चार दिवस थांबल्या. कर्नाटकातल्या, वयानं सत्तरीच्या, मराठी तोडून तोडून बोलायच्या. दुपारी गर्दी नसताना मी गेले.

“वंदामि, माताजी. प्रायश्चित्त घ्यायचंय. खोटं बोलले.”

“किती वेळा?”

मी मनात मोजलं. चौकटीतली खूण, ‘झालं ते’, फोनवर ‘हो’, चौकशीत ‘दोन’.

“चार वेळा. तुम्ही म्हणाल तितके उपास करीन. आठ, दहा—”

“कुणाचं वाईट झालं त्यानं?”

मी सांगितलं. पहिल्यांदा कुणाला तरी सगळं सांगितलं. त्या मोरपिसांची पिच्छी मांडीवर घेऊन ऐकत होत्या.

“तू उपाशी राहिलीस की त्या माणसाचं पोट भरणार काय?”

“नाही, माताजी.”

“उपास तुला सोपे आहेत. मला दिसतंय. सोपं मागायला आलीस?”

मी रडायला लागले. त्यांनी मला गप्प केलं नाही.

“मी काही देणार नाही,” त्या म्हणाल्या. “मीठ खा. जेव नीट. आणि जा. त्याच्याकडं जा.”

मी आधी डॉक्टरांकडे गेले. खरं सांगायचं तर तेही त्यातल्या त्यात सोपं म्हणून. एक पानी पत्र लिहिलं, ती पेटी मी पाहिली नव्हती, चौकशीत खोटं सांगितलं, कोळेकरांचा दोष नाही, त्यांना परत घ्यावं. डॉक्टरांनी चष्मा लावून वाचलं, घडी घातली आणि माझ्याकडे परत सरकवलं.

“हे मी वाचलेलं नाही.”

“सर, पण ते खरं आहे.”

“असेल. पण आता काय करू सांगा. पुढच्या महिन्यात मानांकनाचे लोक येतायत, आणि ही नोंदवही आपण त्यांना दाखवणार. तुमची एक नोंद खोटी निघाली, तर उरलेल्या साठांवर कोण विश्वास ठेवेल? प्रत्येकीखाली तुमचंच नाव आहे.” मग त्यांचा आवाज खाली आला, नेहमी माझ्याशी बोलताना व्हायचा तसा. “तुमचं मन फार हळवं आहे, मगदूमबाई. चार दिवस रजा घ्या. कोळेकर कामाचा माणूस आहे, त्याला कुठंही काम मिळेल.”

मी बाहेर आले. आवक विभागात जाऊन तेच पत्र दिलं, शिक्का मारून घेतला, क्रमांक घेतला. कारकुनानं विषय वाचला आणि खुर्चीतून अर्धवट उठून माझ्याकडे बघितलं. त्या पत्रावर पुढं कधी काही झालं नाही. बिरूअण्णांना परत घेतलं नाही, आणि मलाही कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून बेडगची एसटी धरली. सकाळचे दहा वाजले असतील. बिरूअण्णा अंगणात पाण्याची मोटर खोलून बसले होते. मला बघून घाईनं उठले, हात लुंगीला पुसले.

“अगं ए, कोण आलंय बघ! अक्का आल्यात! पानी आन. गाळून आन, अक्का गाळूनच पित्यात.”

त्यांची बायको, सोनाबाई, दारात आली. तिनं आत जाऊन नवं धडुतं शोधलं असावं, कारण उशीर लागला. तांब्यावर पांढरंशुभ्र फडकं बांधून, माझ्यादेखत पाणी गाळून तिनं पेला भरला आणि माझ्यासमोर ठेवला.

“बसा की अक्का. कशी चाललीया वही?” बिरूअण्णा म्हणाले. “वायरीवर कोन हाय आता?”

“बिरूअण्णा, ती पेटी मी बघितली नव्हती.”

“कुठली?”

“जिन्याखालची. तुम्ही मला घरी जायला सांगितलंत ना, त्या दिवशी. मी न बघताच लिहिलं. दुसऱ्या दिवशी तुमच्याशी खोटं बोलले. फोनवरही, आणि साहेबांसमोरही. वायरी आधीपासून चारच असणार. तुम्ही कुठलीच जोडली नाहीत.”

त्यांनी हातातला स्क्रू मोटरच्या कडेवर ठेवला. तो घरंगळला, त्यांनी परत उचलून ठेवला.

“चारच व्हत्या?”

“हो.”

“म्या न्हाई जोडल्या?”

“नाही.”

ते मटकन उकिडवे बसले. दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि मला कळेना, हसतायत का काय. डोळ्यांतून पाणी येत होतं.

“ऐकलंस गं?” ते बायकोला म्हणाले. “म्या न्हाई जोडल्या. अक्का, महिना झाला, मी डोस्कं फोडून घेतोय. कवा जोडल्या मी त्या वायरी? कुनी सांगितलं हुतं? शिडी कुठली घेतली हुती? काय म्हंजे काय आठवंना. दारू पीत न्हाई, काय न्हाई. मला वाटलं डोस्कंच गेलं माझं. आमच्या बापाला म्हातारपनी तसंच झालं हुतं, घरच्या मानसास्नी वळखंना. मला वाटलं, आपलं लौकरच चालू झालं.”

“आता मोटर जोडत्यात,” सोनाबाई म्हणाली, “आन तीन-तीनदा मलाच इचारत्यात, ही वायर मीच लावली न्हवं? तूच बघ एकदा.”

मी इतके दिवस हिशोब धरला होता तो त्यांच्या नोकरीचा. त्यांचा स्वतःच्या हातांवरचा भरवसाच मी काढून घेतला होता, हे मला त्या अंगणात पहिल्यांदा समजलं. आणि त्यांनी तो काढू दिला होता, कारण मी खोटं बोलेन हे त्यांच्या कल्पनेतही आलं नव्हतं.

सोनाबाई पुढं आली, माझ्यासमोरचा पेला उचलला आणि पाणी तुळशीत ओतलं. “गाळून पित्यात म्हनं,” एवढंच म्हणाली.

“ऱ्हाऊ दे गं.” बिरूअण्णांनी डोळे पुसले.

“मी साहेबांना लिहून दिलंय,” मी म्हणाले. “शिक्का घेतलाय. पण ते तुम्हाला परत घेणार नाहीत असं दिसतंय. मी पुन्हा जाईन. वर ट्रस्टकडं जाईन.”

“ते तुमी बघा. मला बोलवलं तरी मी आता येनार न्हाई.” ते मोटरकडे बघत म्हणाले, “येक करशिला, अक्का?”

“सांगा.”

“ती रेश्मा खोत. तिचं सासर हितंच हाय, आमच्याच गावात. तिचा सासरा रोज पारावर बसून सांगतोय, कोळेकरानं माझी सून मारली असती, माझा वंश बुडवला. आमची पोरगी नववीला हाय, त्यांच्या दारावरनं साळंला जाती. परवा तिच्यादेखत थुकला. म्या काय बोलू? मला वाटत हुतं, खरंच म्या केलंय. तेवढं त्यास्नी जाऊन सांगा.”

डॉक्टरांना सांगणं वेगळं होतं. त्या मुलीला आता पुन्हा मूल होणार नव्हतं. तिच्या दारात उभं राहून सांगायचं, की ते माझ्यामुळं.

“लई शिव्या देत्याल,” सोनाबाई म्हणाली. आवाजात राग होता की सावधगिरी, ते मला कळलं नाही. “तो म्हातारा हात उचलाय बी कमी करायचा न्हाई.”

“सांगेन,” मी म्हणाले. “शब्द देते.”

“कवा?”

साडेबाराची परतीची एसटी होती. उद्या येते, असं ओठांवर आलं होतं. उद्या घरच्यांना घेऊन येते, बोलायचं नीट लिहून आणते.

“आत्ता जाते.”

बिरूअण्णा उठायला लागले. “मी येतो संगं. येकट्या नगं.”

“नाही, बिरूअण्णा. तुम्ही नका येऊ. तुम्ही आलात तर त्यांना वाटेल, तुम्हीच मला बोलायला लावलंत.”

ते परत बसले. मी चपला घातल्या. सोनाबाई मागून आली. मला वाटलं काही बोलेल, लागेल असं. तिनं फक्त गल्लीच्या तोंडाकडे बोट केलं.

“दुधाच्या डेरीवरनं डावीकडं वळा. निळ्या दाराचं घर. कुत्रं हाय, पर बांधल्यालं असतंय.”

मी डोक्यावरून पदर घेतला आणि डेअरीच्या दिशेनं चालायला लागले.